बेडशेजारच्या मॉनिटरची अलार्म लिमिट: कोण लावतं, कशी लावतं, कधी बदलतं?

रात्रपाळी

सोलापुरातल्या दवाखान्यांवर इथं पुष्कळ लिहिलं जातं. बिलं, मेडिक्लेम, योजनेची कागदपत्रं, कुठल्या डॉक्टरांकडं जावं. पण ज्या यंत्राकडं नातेवाईक रात्र-रात्र टक लावून बसतात, त्याच्या अलार्मवर धागा दिसला नाही, म्हणून काढतेय. मी इथल्याच एका आयसीयूत इन्चार्ज सिस्टर आहे. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, पार इंडी-विजापूरकडूनही पेशंट येतात, त्यामुळं एकाच हॉलमध्ये शेजारी शेजारी अगदी वेगवेगळ्या प्रकृतीची माणसं असतात. मॉनिटर मात्र सगळ्यांना सारखाच.

स्क्रीनवरचा मोठा आकडा सगळ्यांना दिसतो. त्याच्या बाजूला बारीक अक्षरांत अजून दोन आकडे असतात, एकावर एक. हार्ट रेटच्या शेजारी १२० आणि ५०, एसपीओटूच्या, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीच्या शेजारी १०० आणि ९०. ही अलार्मची वरची आणि खालची लिमिट. कंपनीकडून मॉनिटर येतो तेव्हा ॲडल्ट मोडला साधारण अशीच लिमिट भरलेली असते: हार्ट रेट ५० ते १२०, एसपीओटू खाली ९०, श्वास ८ ते ३०, वरचं बीपी ९० ते १६०. कंपनीनुसार थोडं इकडंतिकडं. त्या बेडवर उद्या कोण झोपणार आहे हे कंपनीला कुठून कळणार?

तालमीतला गडी पाय मोडून आला. झोपेत त्याचा हार्ट रेट ४४ वर येतो आणि तो ठणठणीत असतो. मॉनिटर रात्रभर बोंबलतो. दुसरीकडं बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारं औषध चालू असलेले, एरवी ६० वर असणारे आजोबा. त्यांचा रेट ११० झाला तर मला तेव्हाच कळायला हवं, पण १२० होईपर्यंत मॉनिटर गप्प. दोघांना एकच लिमिट ठेवली तर एकाच्या बाबतीत यंत्र उगाच ओरडतं आणि दुसऱ्याच्या बाबतीत गरज असताना ओरडत नाही.

नव्या मुलींना मी सांगते, नॉर्मल किती हे पुस्तकात बघा. लिमिट लावताना प्रश्न वेगळा विचारायचा: कितीला पोचलं की मी हातातलं काम टाकून या बेडकडं पळणार? तो आकडा लावायचा. आणि तो एकटीनं ठरवायचा नाही. राउंडला डॉक्टरांना विचारायचं, "सर, हिचं बीपी किती चालेल, कितीला कळवू?" उत्तर मिळालं की मॉनिटरवर भरायचं आणि चार्टवर लिहायचं.

बीपीचं उदाहरण देते, कारण यात सगळ्यात जास्त गफलत होते. मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झालेल्या पेशंटचं बीपी डॉक्टर पहिल्या दिवशी मुद्दाम वर राहू देतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत. इंजेक्शन दिलं असेल तर मात्र पहिले २४ तास १८०/१०५ च्या आत ठेवायचं. आता मॉनिटरवर १६० ची लिमिट तशीच असेल तर पहिल्या पेशंटचा अलार्म दर मोजणीला वाजणार. तीन-चार वेळा बंद करून कंटाळलेलं कुणीतरी बीपीचा अलार्मच ऑफ करतं. बऱ्याच मॉनिटरवर हे ऑफ पूर्ण पॅरामीटरला लागतं. म्हणजे वरचा त्रास थांबवताना खालची ९० ची लिमिटही गेली. पहाटे बीपी ८० झालं तर स्क्रीनवर आकडा दिसेल, आवाज येणार नाही. म्हणून अलार्म बंद करायचा नाही, लिमिट सरकवायची.

अजून एक. कफचं, म्हणजे दंडाला बांधायच्या पट्ट्याचं बीपी तो कफ फुगतो तेव्हाच मोजलं जातं. लिमिट कितीही नेमकी लावली आणि मोजणी दर तासाला ठेवली, तर मधली ५९ मिनिटं त्या लिमिटला काही अर्थ नाही. अस्थिर पेशंटला इंटरव्हल पाच किंवा दहा मिनिटांवर आणा, मग लिमिटचं बोला.

पाळी बदलताना ओव्हर घेताना आम्ही आयव्ही, कॅथेटर, ड्रेन बघतो तसं आता लिमिटही बघतो. जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर दोघी मॉनिटरसमोर उभ्या राहून चार आकडे मोठ्यानं वाचतात. त्याला फार वेळ लागत नाही.

डॉक्टर, बायोमेडिकलवाले, नातेवाईक, सगळ्यांनी लिहा. दवाखान्यांची नावं नकोत.


पूर्वभाग

ताई, बरं झालं धागा काढलात. आमच्या अम्मानं आयुष्यभर विड्या वळल्या. दम्यासारखा त्रास जुनाच, मागच्या गड्ड्याच्या टायमाला ॲडमिट केलतं. मॉनिटर सारखं वाजलालंय, ८९, ८८, ८९. पोरगं यायचं, एक बटण दाबायचं, जायचं. दोन मिनटात परत चालू. बघा की ओ, आम्हाला रात्रभर वाटायचं आता काय खरं नाही. आणि अम्मा तर आरामात झोपलेली, मधनंच उठून चहा मागायची!

शेजारच्या बेडपाशी बसलेले एक मामा म्हणाले ऑक्सिजनचं बटण जरा वाढवा, ९० च्या वर गेलं की वाजायचं थांबतंय. त्यांनी त्यांच्या पेशंटला तसंच केलतं. आम्ही हात लावला नाही. पण आजपर्यंत कुणी सांगितलं नाही की ते का वाजत होतं आणि ८८ म्हणजे वाईट होतं का नाही.


दीर्घश्वास

पूर्वभाग, तुम्ही हात लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्षानुवर्षं विडीची किंवा तंबाखूची धूळ, चुलीचा धूर, गिरणीतला कापूस यांनी फुप्फुसं खराब झालेल्या, म्हणजे सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साचून राहतो. अशांना ऑक्सिजन जास्त दिला तर तो अजून साचतो, गुंगी येते, पुढं श्वासच मंदावतो. त्यामुळं अशा पेशंटला एसपीओटूचं उद्दिष्टच ८८ ते ९२ ठेवतात. तुमच्या आईंचा ८९ हा आम्हाला हवा असलेला आकडा असण्याची दाट शक्यता आहे. यंत्र मात्र ९० ची लिमिट घेऊन बसलेलं.

इथं लिमिट नुसती खाली सरकवून भागत नाही, वरचीही लावावी लागते. मी माझ्या अशा पेशंटना खाली ८७ आणि ऑक्सिजन चालू असेपर्यंत वर ९३ लावायला सांगतो. त्या मामांच्या पेशंटसारखं कुणी बटण फिरवून ९७ केलं तर ते लगेच कळायला हवं. वरची लिमिट १०० वर असेल तर ही चूक कुणाच्याच लक्षात येत नाही, उलट ९७ बघून नातेवाईक खूश होतात.

मग बाकीच्यांना ९० च का, असं कुणी विचारेल. रक्तातला ऑक्सिजन आणि एसपीओटू यांचं नातं सरळ रेषेचं नाही. ९० च्या वर आलेख जवळजवळ आडवा असतो. ९० ला रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब साधारण ६० असतो आणि तिथून खाली तो उतार तीव्र होतो, थोडं घसरलं की बरंच घसरतं. म्हणून ९० ही सर्वसाधारण माणसासाठी शहाणपणाची सीमा आहे.

सिस्टर, एक भर घालतो. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटमध्ये एसपीओटूचा अलार्म उशिरा वाजतो. ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखं औषध चालू आहे, श्वास मिनिटाला सहावर आलाय, पण मास्कमधून ऑक्सिजन जातोय म्हणून एसपीओटू ९८. अशा वेळी श्वासाच्या गतीची लिमिट आणि सोय असेल तर ईटीसीओटूची (बाहेर सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची) लिमिट आपल्याला आधी सांगते. नेमका श्वासाचाच अलार्म सगळ्यात आधी बंद केलेला आढळतो.


ऑसिलोस्कोप

बायोमेडिकल इंजिनिअर आहे, जिल्ह्यातल्या बऱ्याच रुग्णालयांचे मॉनिटर बघतो. दीर्घश्वास सरांनी शेवटी जे लिहिलं त्याचं तांत्रिक कारण आहे. श्वासाची गती मोजायला वेगळा सेन्सर नसतो. ईसीजीच्याच इलेक्ट्रोडमधून बारीक करंट सोडून छातीचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) मोजतात, छाती फुगते तसा तो बदलतो. पेशंट हलला, खोकला, बोलला की आकडा ४० दाखवतो. कधी हृदयाचे ठोकेच श्वास म्हणून मोजले जातात आणि श्वास थांबला तरी गती दिसत राहते. अलार्म ऑफ करण्याऐवजी श्वासासाठी लीड (इलेक्ट्रोडची जोडी) बदलून बघा, बहुतेक मॉनिटरवर लीड एक की लीड दोन हे निवडता येतं. पोटानं श्वास घेणाऱ्या पेशंटचा डावा खालचा इलेक्ट्रोड पोटाच्या बाजूला घेतला की लाट बरी येते.

आता लिमिट गायब कशी होते ते सांगतो, कारण तक्रार नेहमी हीच येते: "आम्ही लावलेली लिमिट आपोआप बदलली." यंत्र मनानं काही करत नाही. जुना पेशंट डिस्चार्ज करून नवा ॲडमिट केला की मॉनिटर डिफॉल्टवर, म्हणजे मुळात भरलेल्या लिमिटवर जातो. ॲडल्टचा पीडियाट्रिक केला की डिफॉल्ट. वीज गेली, बॅटरी संपलेली होती आणि मॉनिटर पूर्ण बंद पडला, तर परत चालू केल्यावर बऱ्याच ठिकाणी डिफॉल्ट. अगदी थोडा वेळ पॉवर गेली तर सेटिंग टिकतं, जास्त वेळ गेली तर ते कसं कॉन्फिगर केलंय यावर आहे. आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट कशी जाते ते सांगायला नको. मॉनिटरची बॅटरी मेलेली असेल तर लिमिटही मेली समजा.

याच्या उलटही होतं आणि ते जास्त धोक्याचं आहे. जुना पेशंट मॉनिटरवरून डिस्चार्जच करत नाहीत, नुसत्या वायरी काढून नव्याला लावतात. मग आधीच्या पेशंटची लिमिट नव्याला. पक्षाघातवाल्याची २२० ची लिमिट हार्टवाल्याला चालेल का? मग नवीन पेशंट आला की मॉनिटरवर ॲडमिट करायचाच, नाव घालायला वेळ नसेल तर निदान वयोगट निवडा.

"ऑटो लिमिट" नावाचं बटणही असतं. ते दाबलं की मॉनिटर आत्ताच्या आकड्याच्या खाली-वर काही अंतर धरून लिमिट लावतो. सोयीचं आहे, पण पेशंट त्या क्षणी १४० च्या रेटनं धापा टाकत असेल तर यंत्र १४० लाच मध्य धरेल. पेशंट स्थिर झाल्यावर वापरा, आणि दाबल्यावर आलेले आकडे वाचून घ्या.


रात्रपाळी

@ऑसिलोस्कोप, ॲडमिट-डिस्चार्जचा मुद्दा मी उद्याच आमच्या नोटीस बोर्डावर लावते. दादा, मुलींना लाल-पिवळ्याचा अर्थही नीट सांगा ना, एकाच वेळी तीन बेड वाजले तर कुठं आधी जायचं हे त्यावरूनच ठरतं.


ऑसिलोस्कोप

सांगतो. अलार्मसाठी आयईसी ६०६०१-१-८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात तीन पातळ्या. सगळ्यात वरची म्हणजे लाल, भराभर लुकलुकणारा, दहा टोले एका झपाट्यात: हृदय थांबलं, घातक ठोके, श्वास थांबला. मधली पिवळी, हळू लुकलुकणारी, तीन टोले: बहुतेक लिमिट ओलांडल्याचे अलार्म इथं येतात. सगळ्यात खालची न लुकलुकणारी, पिवळी किंवा निळसर, बहुधा तांत्रिक: लीड निघाली, बोटाचा एसपीओटू प्रोब निघाला. लिमिट लावतानाच कुठला अलार्म कुठल्या पातळीवर ठेवायचा हेही बऱ्याच मॉनिटरवर ठरवता येतं. पण हा बदल पासवर्डमागं ठेवावा, बेडपाशी उभं राहून कुणीही करू नये.

आता वादाचं बोलतो. माझ्या मते लिमिट एकेका पेशंटची बदलण्याआधी आयसीयूचं डिफॉल्टच बदलायला पाहिजे. कंपनीचं डिफॉल्ट म्हणजे देवाज्ञा नव्हे. अमेरिकेतल्या बोस्टन मेडिकल सेंटरनं एका कार्डिॲक वॉर्डात हार्ट रेटची लिमिट ५०-१२० वरून ४५-१३० केली, आणि नुसते वाजून थांबणारे अलार्म एकतर काढले किंवा जाऊन बघावंच लागेल अशा वरच्या पातळीवर नेले. आठवड्याला ८७,८२३ ऐकू येणारे अलार्म होते ते ९,९६७ वर आले. २०१४ साली हे प्रसिद्ध झालंय. दुसरा उपाय डिले. एसपीओटू ९० च्या खाली गेल्या गेल्या न वाजता सलग १५ सेकंद खाली राहिला तरच वाजेल असं लावता येतं. पेशंटनं हात हलवला, पुन्हा ठेवला, एवढ्यात निम्मे खोटे अलार्म निघून जातात.


दीर्घश्वास

डिफॉल्ट बदलायला माझी हरकत नाही. डिलेबद्दल मात्र मी सावध आहे. बोटातला एसपीओटू फुप्फुसात जे घडतं त्याच्या मागं असतोच, रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. वर मॉनिटर काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतो. त्यावर तुम्ही अजून १५ सेकंद घालताय. प्रौढ, स्थिर, वॉर्डातला पेशंट असेल तर चालेल. व्हेंटिलेटरवरच्या, नुकती नळी काढलेल्या किंवा लहान बाळाला मी हा डिले लावू देणार नाही.

आणि बोस्टनमध्ये टेलिमेट्री (लांबून सगळ्यांचे ठोके बघायची सोय) होती, डॉक्टर-नर्स-इंजिनिअर मिळून बसले, आधी मोजलं, मग बदललं. आपल्याकडं तालुक्याच्या पंधरा बेडच्या दवाखान्यात सगळे मॉनिटर एकत्र दिसणारं सेंट्रल स्टेशन नाही, चार कंपन्यांचे चार मॉनिटर, रात्री एक आरएमओ (ड्यूटी डॉक्टर). तिथं सगळ्यांची लिमिट सरसकट ढिली केली तर जे थोडं ऐकू येत होतं तेही जाईल.


ऑसिलोस्कोप

सर, पटलं. पण तिथं आत्ता काय होतंय तेही बघा. आवाजाचा व्हॉल्यूम सगळ्यात खाली असतो, किंवा "अलार्म पॉज" कायमचा लावलेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात घंटेवर फुली दिसते ती हीच. सर्व्हिसला गेलो की मी आधी तीच बघतो. घट्ट लिमिट आणि फुली मारलेली घंटा, यापेक्षा जरा ढिली लिमिट आणि चालू घंटा केव्हाही चांगली. डिलेबाबत तुमचं मान्य: बाळं आणि व्हेंटिलेटर वगळून.


दीर्घश्वास

या वाक्यावर माझी सही घ्या.


नवजात

मी बाळांच्या आयसीयूत आहे. वरच्या लिमिटबद्दल सर बोलले म्हणून लिहिते, कारण आमच्याकडं ती डोळ्यांशी बांधलेली आहे, अगदी खऱ्या अर्थानं.

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, आरओपी म्हणतात त्याला, आणि वेळेवर उपचार नाही झाले तर बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. कमी पडला तर जिवाला धोका. २०१० च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ८५-८९ आणि ९१-९५ असे दोन गट करून पाहिलं. कमी ऑक्सिजनच्या गटात डोळे वाचले, पण मृत्यू जास्त झाले. त्यानंतर बहुतेक ठिकाणी उद्दिष्ट ९० ते ९५ च्या आसपास स्थिरावलं. आम्ही ऑक्सिजनवरच्या बाळाला खालची लिमिट ८९ आणि वरची ९५ लावतो. वरचा अलार्म वाजला की सिस्टर एफआयओटू (देत असलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) कमी करते, घाईनं नाही, थोडा थोडा.

बाळाचा ऑक्सिजन काढला की तीच वरची लिमिट १०० करायची. साध्या हवेवर ९८ दाखवणारं बाळ उत्तम आहे, तिथं ९५ चा अलार्म ठेवला तर दिवसभर कारण नसताना वाजेल आणि शेजारच्या, खरंच ऑक्सिजनवर असलेल्या बाळाचा तोच आवाज कुणी ऐकणार नाही. ही एक गोष्ट मी प्रत्येक नव्या स्टाफला पहिल्या दिवशी दाखवते, ऑक्सिजन चालू-बंद करणारा हात लगेच मॉनिटरवर गेला पाहिजे.

मोडचं पण बघा. नवजात मोडमध्ये हार्ट रेटची लिमिट साधारण १०० ते २०० असते, कफ कमी दाबानं फुगतो. ॲडल्ट मोडमध्ये बाळाला कफ लावला तर त्या इवल्या दंडाला इजा होऊ शकते. आणि ज्या आई-बाबांचं बाळ ३४ आठवड्यांच्या आधी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलंय, त्यांनी चार आठवड्यांच्या आत डोळ्यांची आरओपी तपासणी करून घ्याच, अगदी लहान बाळाची त्याहून आधी. डिस्चार्ज मिळाला, गावी गेलो, राहून गेलं, असं होऊ देऊ नका.


होटगीरोड

धागा वाचून बरंच समजलं. एक भाबडा प्रश्न आहे. ह्या एवढ्या वाजण्यातलं खरं किती असतं? वडील ॲडमिट होते तेव्हा दर वेळी आमचा जीव वरखाली व्हायचा आणि सिस्टर मात्र शांतपणे औषध भरत असायच्या. राग यायचा खरं सांगतो.


रात्रपाळी

राग येणं साहजिक आहे, तुमचं माणूस असतं ते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात पाच आयसीयूतल्या ७७ बेडचे सगळे अलार्म ३१ दिवस साठवले होते. २५ लाखांवर भरले. त्यातले ऐकू येणारेच दर बेडला दिवसाला १८७. ठोक्यांच्या गडबडीचे जवळपास पावणेतेरा हजार अलार्म तज्ज्ञांनी एकेक करून तपासले, त्यातले ८८.८ टक्के खोटे निघाले. १८७ ला किती बेड सांभाळते त्यानं गुणा, म्हणजे एका सिस्टरच्या कानावर काय पडतं ते कळेल. कान बधिर होतो. ती निष्काळजी असते म्हणून नाही, माणूस आहे म्हणून. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनकडं २००९ ते २०१२ च्या मध्यापर्यंत अलार्मशी संबंधित ९८ दुर्घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या ८० मध्ये पेशंट दगावला. अलार्म बंद ठेवलेला, लिमिट चुकीची, आवाज पोचला नाही, अशी कारणं. म्हणून तर हा धागा.

पण लिमिटच्याही आधी एक काम आहे, ते कुणी लिहिलं नाही. इलेक्ट्रोड. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, एसी बंद पडला की पेशंट घामानं भिजतो आणि इलेक्ट्रोड सरकतो. जेल सुकून पांढरट झालेलं असतं. मग ठोके नसल्याचा लाल अलार्म, आणि पेशंट बसून भाकरी खातोय! रोज सकाळी स्पंजिंगनंतर नवे इलेक्ट्रोड. केस असतील तर काढायचे, कातडी कोरडी करून गॉजनं हलकं घासायचं, मग चिकटवायचं, मधोमध दाबायचं नाही, कडेनं बोट फिरवायचं. मधे दाबलं की जेल बाहेर पसरतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रोज इलेक्ट्रोड बदलून अलार्म ४६ टक्क्यांनी कमी झाले. आमच्याकडं इलेक्ट्रोडचा खर्च वाचवायला सांगणारे असतात, त्यांना मी हा आकडा सांगते.

प्रोबचंही तसंच. आपल्याकडं रंगाच्या कारखान्यात काम करणारे येतात, बोटं निळी-काळी. लग्नसराईत काळी मेंदी आणि नेलपेंट. प्रोब लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून आरपार पाठवून मोजतो, मधे रंग आला की आकडा बिघडतो. बोट बदला, नाहीतर कानाच्या पाळीचा प्रोब लावा. आणि बीपीचा कफ ज्या दंडाला त्याच हाताला प्रोब लावू नका. कफ फुगला की त्या हाताचं रक्त थांबतं आणि एसपीओटूचा अलार्म वाजतो, दर मोजणीला एकदा, घड्याळ लावल्यासारखा. तिथं लिमिट ढिली करणं चुकीचं, प्रोब दुसऱ्या हाताला न्यायचा.


पूर्वभाग

ताई एक विचारू का. सिस्टर दुसऱ्या बेडला असली आणि आमचं वाजायला लागलं तर आम्ही ते बटण दाबलं तर चालतं का? दोन मिनटाचं असतंय की ते.


रात्रपाळी

नाही दादा, दाबू नका. तुमच्या माणसाकडं बघा: शुद्धीत आहे का, श्वास चाललाय का, ओठ निळे पडलेत का, प्रोब बोटावर आहे का. हे बघून हाक मारा आणि सांगताना आकडा सांगा, "सिस्टर, सात नंबरला एसपीओटू ८२ आणि अम्मा उत्तर देईना," असं. मग मी पळतच येते. तुम्ही आवाज बंद केलात तर मला ते वाजलं होतं हेच कळणार नाही.

विचारायचं मात्र जरूर. ॲडमिट झाल्यावर शांतपणे विचारा, "आमच्या अम्माची लिमिट किती लावलीय आणि का?" कुणी रागावलं तर रागावू द्या.


जुळेसोलापूर

आमच्याकडं बाबांना घरीच ठेवलंय, बेडशेजारी भाड्याचा मॉनिटर आहे. ट्रॅकिओस्टोमी (गळ्यातून श्वासनळीत घातलेली नळी) आहे, बाकी स्थिर. भाड्यानं देणारा लावून गेला, "सगळं सेट आहे" म्हणाला. हा धागा वाचून आत्ता बघितलं, एसपीओटूची खालची लिमिट ८५ आहे आणि घंटेवर फुली आहे. ८५ बरोबर आहे का?


दीर्घश्वास

ती फुली आधी काढा आणि आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येईल एवढा ठेवा. दार लावून ऐकून बघा. ८५ त्यानं कुठल्या आधारावर लावली हे त्याला माहीत नसणार. बाबांचं डिस्चार्ज कार्ड काढा, त्यावर एसपीओटूचं उद्दिष्ट लिहिलंय का बघा. नसेल तर ज्या डॉक्टरांनी घरी सोडलं त्यांना आजच फोन करून तीन गोष्टी विचारा: खालची लिमिट किती, कितीला नळी सक्शन करायची, कितीला ॲम्ब्युलन्स बोलवायची. उत्तरं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरवर चिकटवा, रात्री जो केअरटेकर असेल त्याला वाचता येईल अशा भाषेत.

नळीत छातीतला कफ अडकला की आकडा झपाट्यानं पडतो, त्यामुळं डिले शून्य ठेवा.


ऑसिलोस्कोप

आणि मॉनिटर भिंतीच्या प्लगवर असेल तर एकदा दिवसा प्लग काढून बघा, बॅटरीवर किती वेळ चालतो ते. परत प्लग लावल्यावर लिमिट तीच आहे का तेही बघा. लगेच बंद पडला तर भाड्यानं देणाऱ्याला बदलून मागा, तो तुमचा हक्क आहे.


जुळेसोलापूर

प्लग काढून बघितला, चारेक मिनिटांत बंद पडला. चालू केल्यावर लिमिट ९० झाली. डॉक्टरांशी बोललो, त्यांनी खाली ९० च ठेवा म्हणून सांगितलं, ८८ ला सक्शन, त्यानंतरही वर आला नाही तर १०८. कागद चिकटवला. केअरटेकर ताई कन्नड वाचतात, बायकोनं कन्नडमध्ये लिहून दिला. मॉनिटर उद्या बदलून मिळतोय.


रात्रपाळी

नवा आला की लिमिट पुन्हा भरा, जुन्यातली त्यात जाणार नाही. आणि बदलताना मधल्या वेळात बोटाला लावायचा छोटा ऑक्सिमीटर जवळ ठेवा.